दोन नळकांडी, एक फळी आणि अख्खं कुटुंब

हेर्त्सोगेनआउराख. हे नाव न अडखळता घेता आलं की समजायचं, माणूस जर्मनीत रुळला. न्यूर्नबर्गच्या वायव्येला, एर्लांगेनपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे जेमतेम पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. अ‍ॅडिडास इथली, प्युमा इथली आणि बेअरिंगवाली शेफलरही इथलीच. शेफलरच्या भारतातल्या कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे, त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी अभियंत्यांना या गावाचं नाव तोंडपाठ असतं. एर्लांगेनमध्ये सीमेन्स आहेच. या पट्ट्यात मराठी घरं आहेत, आणि उन्हाळा आला की त्या घरांमध्ये गावाकडून आजी-आजोबा येतात. मग दर शुक्रवारी संध्याकाळी एकच प्रश्न: उद्या सगळ्यांना मिळून कुठे न्यायचं?

याला एक फार चांगलं उत्तर आहे, ते म्हणजे पाँटून बोट. खाली हवाबंद नळकांडी, वर सपाट डेक, भोवती कठडा, बसायला सोफे, डोक्यावर कापडी छत. पाण्यावर तरंगणारी ओसरीच म्हणा ना! गुडघे दुखणारी आजी तीत चढू शकते, दीड वर्षाचं नातवंड तीत रांगू शकतं आणि मध्ये टेबल मांडून भेळ कालवता येते. वेण्णा तलावातल्या होडीत पाऊल टाकताना ती कशी कलते, हे महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाँटूनवर तसं होत नाही. का होत नाही, आणि भाड्याने घेताना किंवा विकत घेताना काय बघायचं, त्याच्या या काही खमंग गोष्टी.

गावाला नदी आहे, पण बोटीपुरती नाही

गावातून आउराख नावाची छोटी नदी वाहते. अ‍ॅडॉल्फ आणि रुडॉल्फ डास्लर हे सख्खे भाऊ १९४८ मध्ये वेगळे झाले. रुडॉल्फने प्युमा काढली, अ‍ॅडॉल्फने १९४९ मध्ये अ‍ॅडिडास. दोघांचे कारखाने याच नदीच्या दोन काठांवर उभे राहिले. गावात समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे बूट बघायचे, म्हणून या गावाला ‘वाकलेल्या मानांचं गाव’ म्हणत. २१ सप्टेंबर २००९ रोजी, जागतिक शांतता दिनी, दोन्ही कंपन्यांची माणसं एकत्र फुटबॉल खेळली तेव्हा त्याची बातमी जगभर गेली.

तर या नदीने दोन घरं वेगळी केली खरी, पण कुटुंबाची बोट तरंगवण्याएवढं पाणी तिच्यात नाही. जवळच्या आइशग्रुंडमध्ये हजारो तळी आहेत, पण ती कार्प माशांची. तिथला कार्प सप्टेंबर ते एप्रिल एवढ्याच महिन्यांत ताटात येतो. तळ्याकाठी बसून तो खावा, बोट मात्र दुसरीकडे शोधावी.

शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेली बोट

पाँटून बोटीचा आजचा अवतार कुठल्या नौदलाच्या कार्यशाळेत जन्मला नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रिचमंड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या अ‍ॅम्ब्रोझ वीरेस नावाच्या शेतकऱ्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन लांब रांगा केल्या, त्यांवर लाकडी फळ्या ठोकल्या आणि ते सगळं तळ्यात सोडलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तळ्यावर सगळ्या घरादाराला एकत्र बसता यावं. लोकांना कल्पना इतकी आवडली की १९५२ मध्ये त्याने धंदाच सुरू केला.

कल्पना तशी जुनीच. आपल्याकडे नदी उतरायला दोन होड्या शेजारी-शेजारी बांधून सांगड करत. कोकणात तर एका बाजूला उलांडी लावलेल्या होड्या अजूनही दर्यावर दिसतात. एकट्या अरुंद होडीला लाटेने कलंडू द्यायचं नसेल, तर तिला थोड्या अंतरावर जोडीदार द्यायचा. हे शहाणपण रत्नागिरीच्या खारव्याला आणि मिनेसोटाच्या शेतकऱ्याला वेगवेगळं सुचलं.

आउटबोर्ड मोटरचीही अशीच घरगुती कथा सांगतात. ओले एविनरूड एका सहलीत तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला वल्हवत गेला, परत येईतो ते वितळून गेलं, आणि त्याच्या डोक्यात होडीच्या मागे टांगायच्या इंजिनाचं वेड शिरलं. १९०९ पासून त्याच्या मोटरी बाजारात आहेत. आणि हेर्त्सोगेनआउराखचा या गोष्टीशी धागा आहे बरं! इथल्या गेओर्ग शेफलरने १९४९ मध्ये पिंजऱ्यात बसवलेलं नीडल बेअरिंग घडवलं. अशा सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंगं दोन-स्ट्रोक इंजिनांच्या पोटात फिरत असतात.

आठ माणसं, एक पातेलं भाजी आणि आर्किमिडीज

आता थोडं गणित, कारण बोट निवडताना हेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

समजा नळकांडं ६० सेंटिमीटर जाडीचं आणि ६ मीटर लांब आहे. त्याच्या पोटात सुमारे १,७०० लिटर हवा मावते. म्हणजे ते पूर्ण पाण्याखाली गेलं तर १,७०० किलो वजन उचलून धरेल. दोन नळकांडी मिळून ३,४०० किलो. पण नळकांडी अर्ध्याच्या आसपासच बुडालेली असावीत, म्हणजे हाताशी राहिले १,७०० किलो. आता बोट आणि मोटर मिळून ९०० किलो धरा. मोठ्या माणसाचं वजन ७५ किलो धरून आठ माणसांचे झाले ६००. एकूण १,५००. उरले २०० किलो. त्यात बॅटरी, पाण्याचे कॅन, पुऱ्यांचा डबा, बटाट्याच्या भाजीचं पातेलं, आजोबांची घडीची खुर्ची. आठ माणसांची बोट आठ माणसांनीच भरते, ती अशी.

म्हणून पहिला सल्ला: सोफे मोजू नका, पाटी वाचा. युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटीवर निर्मात्याची एक छोटी पाटी असते. कमाल माणसं किती, कमाल वजन किती, कोणत्या पाण्यासाठी बोट बनवली, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. शेवटच्या गोष्टीसाठी ए, बी, सी, डी अशी अक्षरं आहेत. डी म्हणजे निवाऱ्याचं पाणी: वारा ब्यूफोर्ट मापाने ४ पर्यंत, लाटा ३० सेंटिमीटरपर्यंत, क्वचित अर्धा मीटर. सी म्हणजे वारा ६ पर्यंत आणि लाटा दोन मीटरपर्यंत. तलावावर भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बोटी बहुधा डी किंवा सी असतात. तळ्यात डी पुरते. पण मोठ्या, उघड्या सरोवरावर डी घेऊन जाऊ नये, कितीही ऊन पडलेलं असो.

ही बोट डुलत का नाही? तिचे दोन्ही आधार मध्यापासून दूर आहेत. डावीकडे चार माणसं गेली की डावं नळकांडं थोडं खाली जातं, लगेच जास्त पाणी बाजूला सारतं आणि तितकाच जास्त रेटा वर देतं. बोट हट्टाने सरळ राहते. पण याला हद्द आहे. एका बाजूचं नळकांडं पूर्ण पाण्याखाली गेलं, की आणखी रेटा द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. बदक दिसलं म्हणून सगळेच्या सगळे एका कठड्याला जाऊन टेकले, तर हीच स्थिर बोट धोक्यात येते. फोटो काढायचा तर मधोमध बसून काढा.

दोन की तीन?

तीन नळकांड्यांच्या बोटीला व्यापारी ट्रायटून म्हणतात. तिसरं नळकांडं मध्ये असतं. जास्त वजन पेलतं, मोठं इंजिन लावता येतं, लाटांवर बोट कमी आपटते. किंमतही त्याप्रमाणे चढते. स्कीवर उभ्या माणसाला ओढायचं असेल, वेगात वळायचं असेल, तर तीन घ्या. शांतपणे तलाव फिरायचा असेल तर दोन पुरे आहेत, आणि वरचे पैसे मुलांच्या पोहण्याच्या वर्गावर घाला. हे माझं ठाम मत आहे.

तीन पोटांच्या बोटीवर बसण्याची हौसच असेल, तर ती तिकीट काढूनही भागते. हेर्त्सोगेनआउराखहून तासाभराच्या अंतरावर मोठा ब्रोम्बाख तलाव आहे. तिथे ‘एमएस ब्रोम्बाखझे’ नावाची ट्रायमरान प्रवासी बोट चालते. तिच्यावर ७५० माणसं मावतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरानला दोन पोटं असतात, हिला तीन.

हा तलाव कोयनेच्या चुलत घराण्यातला आहे

ब्रोम्बाख तलाव निसर्गाने दिलेला नाही. इथल्या बव्हेरिया राज्याच्या दक्षिणेत डॅन्यूबला पाणी भरपूर, उत्तरेत रेग्निट्स आणि माइन या नद्यांना चणचण. म्हणून १६ जुलै १९७० रोजी बव्हेरियाच्या विधिमंडळाने ठरवलं, की दक्षिणेचं पाणी उत्तरेला आणायचं. त्यासाठी तलाव बांधले: आल्टम्यूल, रोथ, इगल्सबाख, छोटा आणि मोठा ब्रोम्बाख. मोठा ब्रोम्बाख सगळ्यांत शेवटी, २००० मध्ये लोकांना खुला झाला. त्याचं पाणी पसरलंय जवळजवळ ९ चौरस किलोमीटरवर.

यातली गंमत अशी, की डॅन्यूबचं पाणी एरवी काळ्या समुद्राला जातं. ते इथून वळवलं की रेग्निट्स, माइन, ऱ्हाइन असं करत उत्तर समुद्राला पोचतं. आपल्या कोयनेने हेच केलं आहे. कृष्णेबरोबर पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं, वीज केली आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला दिलं. तिकडे शिवसागरावर तापोळ्याला बोटी फिरतात, इकडे ब्रोम्बाखवर. तिकडे सरकारने विजेसाठी धरण बांधलं, इकडे पाण्यासाठी, आणि दोन्हीकडे लोकांना बोटीत बसायची जागा मिळाली. ब्रोम्बाखमधून सोडलेलं पाणी पुढे एर्लांगेनवरून वाहतं, म्हणजे रविवारी ज्या पाण्यावर फिरलात ते काही दिवसांनी तुमच्या ऑफिसच्या जवळून जातं.

या दोन खोऱ्यांना जोडायचं वेड तर बाराशे वर्षांचं आहे. ७९३ मध्ये शार्लमेन राजाने याच भागात, ट्रॉयख्टलिंगेनजवळ, आल्टम्यूल आणि रेझाट या नद्यांमध्ये कालवा खणायला घेतला होता. त्याचा चर आजही बघायला मिळतो. १८४६ मध्ये राजा लुडविगचा कालवा झाला. त्यावर बोटींना पाण्यासकट वर-खाली नेणारे शंभर-एक लॉक होते. आणि २५ सप्टेंबर १९९२ रोजी आजचा माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला: १७१ किलोमीटर, १६ लॉक, सर्वात उंच टप्पा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरवर. हा कालवा हेर्त्सोगेनआउराख आणि एर्लांगेन यांच्या मधूनच जातो. एर्लांगेनच्या लॉकमध्ये बोट १८.३ मीटर वर किंवा खाली जाते, म्हणजे साधारण सहा मजले. तिथून मनात आणलं तर बोटीने काळा समुद्रही गाठता येतो आणि उत्तर समुद्रही.

पण पहिल्यांदा बोट हातात घेणाऱ्या कुटुंबाने कालव्यात शिरू नये. तिथे शंभर मीटरहून लांब मालवाहू जहाजं येतात, आणि पाँटूनची उंच, उभी बाजू वाऱ्याला शिडासारखी सापडते. पॅडल बोटीवर हात बसवायचा तर न्यूर्नबर्गचं डुत्झेंडटाइख तळं आहे. पाँटूनसाठी तलावच बरा.

लायसन नको, पण…

जर्मनीत २०१२ पासून बहुतेक अंतर्गत जलमार्गांवर १५ अश्वशक्तीपर्यंतच्या पेट्रोल-डिझेल मोटरची बोट लायसनशिवाय चालवता येते. चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा. ऱ्हाइन नदीवर ही सूट ५ अश्वशक्तीवर थांबते. कॉन्स्टन्स सरोवराचे नियम वेगळेच. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन दाखवायची इथे गरज पडत नाही, पण बिअर पिऊन चालवणाऱ्याला दया नाही: पाण्यावरही रक्तातल्या मद्याची मर्यादा हजारी अर्धा, रस्त्यावर आहे तीच.

फ्रँकोनियाच्या, म्हणजे याच भागातल्या, तलावांवर पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटरबोटींना बंदी आहे. शीड, वल्ही किंवा वीज. मला हा नियम फार आवडतो. तलावाच्या मध्यावर आजी बोलते ते शेवटच्या सोफ्यावर ऐकू येतं, याला कारण तोच.

विजेची बोट काल-परवाची नाही

१८८६ मध्ये सीमेन्सने बर्लिनच्या श्प्रे नदीवर ‘एलेक्ट्रा’ नावाची विजेची बोट चालवून दाखवली. त्यात २५ माणसं बसत. बव्हेरियाच्याच क्योनिग्झे सरोवरावर १९०९ पासून विजेच्या बोटी प्रवासी नेत आहेत. तिथे बोट मध्येच थांबवतात, नावाडी कड्याकडे तोंड करून तुतारी वाजवतो आणि प्रतिध्वनी ऐकवतो. इंजिन धडधडत असतं तर तो ऐकूच आला नसता. विजेच्या आउटबोर्ड मोटरींसाठी गाजलेली टॉर्कीडो कंपनी २००५ मध्ये बव्हेरियाच्या स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या परिसरातच निघाली, कारण त्या सरोवरावर पेट्रोल मोटरचे परवाने मोजकेच आहेत आणि त्यासाठी मोठी रांग आहे.

बॅटरीचं एक सूत्र लक्षात ठेवा. वेग दुप्पट करायला ताकद साधारण आठपट लागते. १० किलोवॅट-तासांची बॅटरी असेल आणि तुम्ही सावकाश, २ किलोवॅटवर फिरलात, तर पाच तास मिळतात. तीच मोटर ८ किलोवॅटवर पिळली तर सव्वा तासात धक्का शोधायची वेळ येते, आणि तोवर वेग काही चौपट झालेला नसतो. जाताना वारा पाठीशी असेल तर परतीला तो तोंडावर येणार, म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जावं आणि दमलेल्या बॅटरीला वाऱ्याने घरी आणू द्यावं.

चार सेंटिमीटरचा अडथळा

अमेरिकेतल्या बऱ्याच पाँटून बोटी साडेआठ फूट रुंद असतात, म्हणजे २.५९ मीटर. युरोपच्या रस्त्यावर वाहनाची सर्वसाधारण मर्यादा २.५५ मीटर. अमेरिकन बोट आवडली आणि ट्रेलरवरून घरी आणायची ठरवलं, तर या चार सेंटिमीटरसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. शिवाय साध्या ‘बी’ वर्गाच्या लायसनवर ७५० किलोपेक्षा जड ट्रेलर ओढायचा तर गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या आत बसवावे लागतात. हिवाळ्यात ठेवायला जागा हवी, ती वेगळीच. वर्षातून पाच-सहा वेळा फिरणाऱ्या घराने बोट विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावी.

जॅकेट, आणि पुढचा दरवाजा

इथे मला थोडं हळू व्हायचं आहे.

जर्मनीत शाळकरी मुलांना पोहण्याचा पहिला बिल्ला मिळतो, त्यावर समुद्रघोडा असतो. त्यासाठी २५ मीटर पोहावं लागतं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढून आणावी लागते. पालक खूश होतात, आजी बिल्ला पोहण्याच्या कपड्यावर शिवून देते. पण डीएलआरजी ही जर्मन जीवरक्षक संस्था स्पष्ट सांगते, की समुद्रघोडा म्हणजे मूल सुरक्षित पोहतं असं नाही. त्यासाठी पुढचा, कांस्य बिल्ला लागतो: १५ मिनिटांत किमान २०० मीटर, दोन मीटर खोलीवरून वस्तू वर आणणं आणि उडी. ही संस्था १९१३ मध्ये स्थापन झाली, बिंझ इथला समुद्रातला धक्का कोसळून माणसं बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी.

जॅकेट घेताना त्यावरचा न्यूटनचा आकडा बघा. ५० न्यूटनचं पोहणाऱ्यांना मदत करतं, जीव वाचवण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका. आतल्या, शांत पाण्यासाठी १०० आणि त्यापुढे १५०. मुलाच्या वजनाचा पट्टा जॅकेटवर लिहिलेला असतो, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा बांधला नाही तर पाण्यात जॅकेट कानावर येतं आणि मूल खाली सरकतं. आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीची दुर्घटना झाली, त्यानंतर जॅकेट घालायची सक्ती हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. तो तोंडी राहू नये. आजोबा म्हणतील, मी पंचगंगेत पोहलोय. त्यांनाही घालायला लावा. मोठे घालतात तेव्हाच मुलं घालतात.

आणि पाँटूनची एक खास जागा: पुढचा दरवाजा. कठड्याच्या बाहेर, डेकच्या टोकावर पाय सोडून बसायचा मोह फार होतो. चालत्या बोटीवरून तिथून पडणारा माणूस थेट दोन नळकांड्यांच्या मध्ये जातो आणि त्याच्या मागोमाग पंखा येतो. मोटर चालू असेतोवर पुढचा दरवाजा बंद, ही गोष्ट कोणाच्याही लाडासाठी मोडू नये.

तर घ्यायची कोणती?

हेर्त्सोगेनआउराखच्या, एर्लांगेनच्या, न्यूर्नबर्गच्या मराठी घराला माझं उत्तर असं: विजेची, दोन नळकांड्यांची, छत असलेली, भाड्याची, तलावावरची, आणि सकाळची वेळ. तुम्ही आठ जण असाल तर दहाची पाटी असलेली घ्या. निवडताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाकडे बघा. दोघं सहज चढू-उतरू शकतात ना, दोघांना सावली मिळते ना, दोघांच्या मापाचं जॅकेट आहे ना, एवढं धक्क्यावरच तपासा. आणि फोनवर बोट ठरवताना माणसं किती हे विचारलं, की मांडीवरचं तान्हं बाळही मोजून सांगा.